उचलून नेऊ की!

वाचकांपैकी बहुतेकांनी आपल्या घराच्या पायऱ्या कधी मोजल्या नसतील. मोजण्याचे कारणच काय? पायरी ही पायाखाली जाण्याकरिताच जन्मलेली वस्तू, आणि तिची आठवण व्हावयाची ती ठेच लागली तरच. आम्हीही पासष्टी उलटेपर्यंत त्या मोजल्या नव्हत्या. सदतीस वर्षे संस्कृत आणि अडल्या वेळी गणित शिकविण्यात गेली. पोरांना त्रैराशिके घातली, क्षेत्रफळे काढावयास लावली. परंतु ज्या वाड्यात जन्मलो त्याच्या ओट्याला पायऱ्या किती, असे कोणी विचारले असते तर अंदाजानेच उत्तर द्यावे लागले असते. आज ते आम्ही झोपेतही सांगू. ओट्याला तीन, प्रत्येकी सहा इंच. पुढच्या दाराचा उंबरठा पाच इंच. न्हाणीघरात उतरताना एक, चार इंचांची. समोरच्या वाण्याच्या दुकानाला दोन, टपालकचेरीला तीन. आणि औषधांच्या दुकानाला पाच! म्हणजे गावात सर्वांत अधिक पायऱ्या नेमक्या आजाऱ्यांसाठी राखून ठेविल्या आहेत.

ही विद्या आम्हांस गेल्या दोन वर्षांत प्राप्त झाली. जुन्या पिढीतील मंडळी पत्नीला ‘आमचे कुटुंब’ म्हणत. आम्हीही तेच म्हणत आलो, आणि एकत्र घरात तो शब्द खोटाही नसतो. तर आमच्या ह्या कुटुंबास एके दिवशी पहाटे, चहाचे आधण ठेवीत असता, अर्धांगाचा झटका आला. अर्धांगीला अर्धांग! एरवी असली कोटी सुचली असती तर आम्हीच ती चार ठिकाणी सांगितली असती. वाचा आणि उजवा हात देवाने राखला. डावे अंग गेले. दीड महिना इस्पितळात काढून ती घरी परतली तेव्हा चिरंजीवांनी पुण्याहून आणलेली व्हीलचेअर ओट्यासमोर उभी राहिली आणि तेथेच थांबली. चाकाला सर्व काही येते. पायरी तेवढी येत नाही.

तेव्हा गल्लीतले सगळे धावले. आमच्या गावचा हा गुण आम्ही कधीही नाकारणार नाही. “गुरुजी, त्यात काय! उचलून नेऊ की!” असे म्हणून चौघांनी खुर्चीसकट तिला उचलले आणि माजघरात नेऊन ठेविले. त्या चौघांत एक तर असा गृहस्थ होता की, ज्याच्याशी आमच्या घराण्याचा गटाराच्या पाण्यावरून गेली वीस वर्षे अबोला होता. डोळ्यांत पाणी यावे असाच तो प्रसंग. पुढे दर आठवड्यास व्यायामाच्या उपचारासाठी तिला बाहेर न्यावे लागे आणि दर वेळी माणसे येत. एकदाही कोणी तोंड वाकडे केले नाही.

महिन्याभरानंतर एका रात्री ती म्हणाली, “अहो, मला आता बाहेर नेऊ नका. व्यायाम घरीच करीन.” कारण विचारता प्रथम बोलेना. मग म्हणाली, “उचलले की मी सामान होते. पदर सारखा करायला एकच हात, तो मी खुर्चीला धरते. म्हणून मी डोळे मिटून घेते. तुम्ही पाहिलेत का कधी?”

आम्ही पाहिले नव्हते. आम्ही त्या वेळी माणसांचे आभार मानण्यात गुंतलेले असू.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जुनी लाकडी फूटपट्टी काढली. पुतण्या बांधकामाचा अभियंता. त्याने सांगितले की, उताराचा नियम बारास एक असा आहे : एक इंच चढावयाचे तर बारा इंच, म्हणजे एक फूट, लांबी हवी. हिशेब सोपा. ओटा अठरा इंच, तेव्हा उतार अठरा फूट. अंगण वीस फुटांचे. पण मध्ये तुळशीवृंदावन. वृंदावनाला प्रदक्षिणा घालीत जाणारा उतार गवंड्याने तीन दिवसांत बांधला आणि कडेने लोखंडी नळीचा कठडा लावला. आता राहिला उंबरठा. येथे मात्र घरात युद्ध पेटले.

आमच्या वहिनी, म्हणजे थोरल्या बंधूंच्या पत्नी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ह्या घरात मी माप ओलांडून आले तो हा उंबरठा. रोज हळदकुंकू वाहते तो हा उंबरठा. तो तासावयाचा नाही म्हणजे नाही, असा त्यांचा निकाल. आम्ही आमच्या विद्येचा उपयोग करावा म्हणून नृसिंहाचे आख्यान काढले. पण ते आमच्याच अंगावर आले. कारण हिरण्यकशिपूचा वध उंबरठ्यावर झाला, म्हणजे देवालासुद्धा उंबरठा लागला, असे वहिनींनी सिद्ध केले! दादा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रामागे गेले. हा पेच शेवटी सोडविला तो सुताराने. त्याने उंबरठ्याला हातही लावला नाही. जुन्या सागवानी फळ्यांच्या दोन पाचरी करून एक आतून आणि एक बाहेरून अशी लाविली. उंबरठा दोन टेकड्यांमधल्या खिंडीसारखा मध्ये दिसत राहिला आणि त्यावर हळदकुंकू पडत राहिले. पहिल्या दिवशी आमचे कुटुंब सुनेने नुसता मागून हात लावताच अंगणात आले, आणि तेथे एक घटकाभर तुळशीपाशी उगाच बसून राहिले. पंधरा दिवसांनी गॅसची टाकी त्या उतारावरून गडगडत वर जाऊ लागली, नातवंडांच्या सायकली जाऊ लागल्या, आणि वहिनीही पायऱ्या सोडून उतारावरून येऊ लागल्या. गुडघे दुखतात असे त्या अद्याप कबूल करीत नाहीत. उतार पक्का आहे की नाही हे पाहते, असे म्हणतात.

घर झाले, गाव राहिले.

गावाची फूटपट्टीने पाहणी करणारा म्हातारा म्हणून आमची थोडी थट्टा झाली, ती आम्ही सोसली. नगरपालिकेच्या दारी उतार आहे, हे आम्ही ऐकून होतो. पाहिला. जोते दोन फूट, तेव्हा उतार चोवीस फूट हवा. तो सहा फुटांचा आहे. त्यावर शेळी चढेल, आणि शेळीला नगरपालिकेत काम नसते. शिवाय तो सावलीत असल्यामुळे त्याच्या पायथ्याशी मोटारसायकली उभ्या असतात. अशी बांधकामे हिशेबाचे वर्ष संपता संपता होतात, असे पुतण्या म्हणतो. त्याच्या धंद्यातली गुपिते आम्ही अधिक उघडी करीत नाही. पण इमारतीच्या नकाशावर उतार असतो, पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत जागेवरही असतो, आणि पुढे तेथे शहाळेवाला बसतो, एवढे त्याने मान खाली घालून सांगितले. त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या दोन इमारतींपुढचे शहाळेवाले हलविले आहेत.

आणि कायदा नाही असेही नाही. १९९५ साली संसदेने अपंगांसाठी पहिला व्यापक कायदा केला. २०१६ साली त्याच्या जागी दुसरा, अधिक मोठा, केला. सात प्रकारच्या अपंगत्वाच्या जागी एकवीस प्रकार मानले, आणि असे लिहिले की, सार्वजनिक इमारतींना ह्या नियमांवाचून पूर्णत्वाचा दाखलाच मिळू नये आणि ज्या जुन्या असतील त्या नियम झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात. नियम २०१७ च्या जूनमध्ये झाले. म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. राजीव रतुरी ह्या अंध गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर २०१७ साली एक निकाल झाला, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, जे नियम केवळ शिफारशीसारखे वाचले जातात ते नियम नव्हेत, तेव्हा तीन महिन्यांत बंधनकारक असे नियम करा. अंध माणसाने उंबरठ्याविरुद्ध केलेला अर्ज एकोणीस वर्षे चालला. नावे मात्र ह्या काळात भराभर बदलली. आमच्या लहानपणी लोक सरळ ‘पांगळा’ म्हणत, तो शब्द कठोर खरा; मग ‘अपंग’ आला, ‘विकलांग’ आला, आणि २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ रूढ झाला. बहुव्रीही म्हणून समास निर्दोष आहे. पण आम्ही आयुष्यभर समास सोडवीत आलो आणि समास सोडविल्याने पायरी कमी झाल्याचे एकही उदाहरण आम्हांस आढळले नाही.

प्रवासाची कथा थोडक्यात सांगतो. जिल्ह्याच्या गावी मोठ्या डॉक्टरांकडे दर दोन महिन्यांनी जावे लागते. रोजच्या प्रवासी गाडीची पहिली पायरी आम्ही मोजली. जमिनीपासून सतरा इंच भरली. तीवर आणखी दोन. त्या चढून गेले की खिडकीवर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ अशी स्वच्छ अक्षरे दिसतात. भाड्यात भरघोस सवलतही आहे. आसन राखीव, सवलत राखीव. फक्त आसनापर्यंत पोहोचण्याची तजवीज कोणी राखून ठेविली नाही. वाहक सज्जन होता. तो काय म्हणाला असेल हे वाचकांनी ओळखलेच असेल. आमचे कुटुंब नको म्हणाले. तेव्हापासून भाड्याची मोटार करावी लागते आणि जाऊन-येऊन बाराशे रुपये पडतात. म्हणजे ज्यांच्यासाठी सवलत काढली त्यांनीच गावात सर्वांत महाग प्रवास करावयाचा. मुंबईसारख्या शहरात आता बसक्या तळाच्या गाड्या धावू लागल्या आहेत. त्यांचा तळ फुटपाथला जवळजवळ भिडतो. त्या आमच्याकडे येतील तेव्हा येतील. तोवर गावातल्या गावात रिक्षा हेच खरे वाहन. तिचा तळ बुटका, आणि घडीची खुर्ची मागे दोरीने बांधण्यात आमचा रिक्षावाला आता असा निष्णात झाला आहे की, एखाद्या इंजिनिअराने शिकावे.

येथे आमच्या जुन्या पोथ्यांची आठवण निघणे अपरिहार्य आहे; वाचकांनी ती सोसावी. मनूची सर्वच वचने आम्हांस मान्य आहेत असे मुळीच नाही. परंतु रस्त्यात कोणाला वाट द्यावी ह्याची त्याने जी यादी दिली आहे, तीत पहिलेच नाव ‘चक्री’ हे आहे. टीकाकार त्याचा अर्थ रथ-गाडीत बसलेला असा करतात; आम्ही मात्र हल्ली तो शब्द वाचताना व्हीलचेअरकडे पाहतो. त्याच यादीत पुढे नव्वदी ओलांडलेला वृद्ध आहे, रोगी आहे, डोक्यावर ओझे असलेला आहे. राजाचा क्रम बराच मागून. महाभारताच्या वनपर्वात तर खुद्द अष्टावक्राची जनकराजाशी रस्त्यातच गाठ पडते, आणि आठ ठिकाणी वाकडा असलेला तो मुलगा राजाला ऐकवितो की, वाट आधी आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझेवाल्याची. मग तो ब्राह्मणाचाही हक्क सांगून टाकतो, ती गोष्ट निराळी! पुढे यज्ञमंडपाच्या दारी द्वारपाल त्याला अडवितो. लोक समजतात की त्याच्या वाकड्या अंगामुळे. पण मूळ कथेत तो अडवितो ते त्याच्या कोवळ्या वयामुळे. वाकडेपणाबद्दल तेथे आडकाठी नाही. जनकाच्या मंडपाला पायऱ्या किती होत्या हे व्यासांनी दिलेले नाही.

असो. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येतो. आतापर्यंत ती टाळीत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आमच्या कुटुंबाच्या माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र करून द्यावयाचे होते. बहिणीने हक्क सोडावा की न सोडावा हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तिने सोडावयाचे ठरविले आणि बंधू त्यासाठी कराडहून आले. दस्तनोंदणीची कचेरी पहिल्या मजल्यावर. इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या, मग बावीस पायऱ्यांचा जिना, मध्ये एक वळण. जिन्याची उंची साधारण बारा फूट. त्रैराशिकाने उतार एकशे चव्वेचाळीस फूट, म्हणजे तो थेट मारुतीच्या देवळापर्यंत जाईल. अशा ठिकाणी उताराचा उपयोग नाही. उद्वाहक तरी हवा, नाही तर कचेरी खाली हवी. तळमजल्यावर खोली आहे, आणि तिला कुलूप आहे. तीत जुन्या दप्तरांची गाठोडी ठेविली आहेत. कागद खाली राहतात आणि माणसे वर चढतात.

शिपाई खाली आला, आम्हांस पाहून ओळखीचे हसला आणि म्हणाला, “गुरुजी, काकूंना उचलून नेऊ की! आत्ता चौघे बोलावतो.”

“नको,” ती म्हणाली. “मी बसते खाली.”

जिन्याच्या बगलेला, रस्त्याच्या पातळीवर, एका टपरीवजा खोलीत दस्तलेखक बसतो. भिंतीला कुबड्या टेकविलेल्या, बाहेर मागे दोन जादा चाके लाविलेली स्कूटर. त्याच्या दाराला पायरी नाही. खुर्ची सरळ आत गेली. त्याने टेबल सरकवून जागा केली. “या काकू. गुरुजी, बसा.” तो आमचा विद्यार्थी. नाव येथे देत नाही.

१९८७ साली तो आमच्या दहावीच्या वर्गात होता. दोन वर्षांचा असताना पोलिओने दोन्ही पाय गेलेले. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणपत्रही दिले, त्यामुळे हा रोग संपला असे लोक समजतात. पण त्याने ज्यांना गाठले ती माणसे आज चाळीशी-पन्नाशीत आपल्यामध्ये हिंडत आहेत, किंवा हिंडावयास मिळत नाही म्हणून घरी आहेत. आमच्या शाळेत दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर बसे. का, हे कोणी विचारले नव्हते. उंच इयत्ता उंच जागी, एवढेच. वर्गातील दोन दांडगी मुले हातांची खुर्ची करून त्याला रोज वर नेत आणि खाली आणीत. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी आम्ही त्या दोघांना पुढे बोलावून एकेक पुस्तक बक्षीस दिले आणि श्रावणबाळाच्या कावडीचा दृष्टान्त घेऊन दहा मिनिटे भाषण केले. भाषण चांगले झाले होते. पालकांच्या डोळ्यांना पदर लागले होते. पुढे भाद्रपदात जिन्यावर ओल असताना तिघेही पडले. ह्याचा पुढचा दात गेला. त्यानंतर तो शाळेत आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, त्याला धीर दिला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसण्यास सुचविले. तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. पुढे कित्येक वर्षे आम्ही प्रत्येक दहावीच्या तुकडीला त्याची गोष्ट सांगत असू. शीर्षक ‘जिद्द’.

त्या दिवशी वर कोणाचे तरी काम लांबले होते. आम्ही दोन तास त्याच्या खोलीत बसलो. बोलता बोलता आमच्या कुटुंबाने त्याला विचारले, “तू कसा जातोस वर?”

तो हसला. “मी नाही गेलो काकू. अठ्ठावीस वर्षे झाली इथे. मी लिहिलेले हजारो दस्त वर जाऊन नोंदले गेले. वर भिंतीचा रंग कोणता आहे, ते मला पक्षकार सांगतात.”

मग दोघांचे बोलणे सुरू झाले, आणि ते आम्हांस वगळून झाले. उचलताना कोठे धरले म्हणजे काख दुखते, कोणत्या दुकानाच्या पायरीला मागून वळसा आहे, लग्नाच्या कार्यालयात जेवणाची पंगत नेमकी वरच्या मजल्यावर का असते. दोन एका गावच्या माणसांनी परदेशात भेटावे तशी ती बोलत होती. बोलण्याच्या ओघात तो म्हणाला की, शाळेत असताना तो सकाळी घरून निघण्यापूर्वी पाणी पीत नसे, आणि शाळा सुटेपर्यंत पीत नसे. मुतारी मैदानाच्या पलीकडे. तिथवर न्या असे दोघांना दिवसातून किती वेळा सांगणार? मार्च-एप्रिलात डोके दुखे. दोघांचा गृहपाठही तो लिहून देई. “म्हणून तर अक्षर वळणदार झाले, गुरुजी,” असे तो आम्हांस म्हणाला, आणि हे खरोखरच थट्टेने म्हणाला. “चांगली होती दोघे. एक अजून दिवाळीला फराळ घेऊन येतो.”

आमचा घसा कोरडा झाला होता. तो पुढे म्हणाला, “नववीचा वर्ग खाली होता. दोन वर्गांची अदलाबदल केली असती तर झाले असते.”

अदलाबदल. चाळीस बाके, एक फळा. एका मधल्या सुट्टीचे काम. उताराला गवंडी लागतो, उद्वाहकाला पैसे लागतात. ह्याला काहीच लागत नव्हते. पांगळ्याने पर्वत ओलांडावा ही देवाच्या कृपेची खूण, असे आम्ही वर्षानुवर्षे प्रार्थनेत म्हणवून घेत होतो, आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणावा हे वर्गशिक्षक असलेल्या आम्हांस सुचले नव्हते. सुचले असते तर कदाचित श्रावणबाळाचे भाषण हुकले असते.

“तू तेव्हा सांगितले का नाहीस?” आम्ही विचारले. प्रश्न तोंडातून निघताच तो विचारावयास नको होता असे वाटले.

“मला वाटायचे, तुम्हांला ठाऊक असेल,” तो म्हणाला.

आमच्या कुटुंबाने विषय बदलला. बंधूंनी चहा मागविला. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईत एका नवरीला विवाहनोंदणीसाठी व्हीलचेअरसह दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले होते, तिने ते लोकांपुढे मांडले आणि सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली, ती हकीगत त्याने सांगितली. मग कपाटातून १९०८ चा नोंदणीचा कायदा काढून अडतिसावे कलम आम्हांपुढे ठेविले. शरीराच्या दुर्बलतेमुळे जो कचेरीत येऊ शकत नाही त्याच्याकडे अधिकाऱ्याने स्वतः जावे किंवा आपला प्रतिनिधी पाठवावा, असे ते कलम सांगते. सव्वाशे वर्षांच्या जवळ आलेला कायदा, आणि एवढी समज त्यात आहे! पण आमच्या संस्कृत डोळ्याला शब्दांची संगत दिसल्यावाचून राहत नाही. त्या एकाच कलमात दुर्बल माणूस आणि तुरुंगातला कैदी शेजारी शेजारी बसविले आहेत. अधिकाऱ्याने जावयाचे ते पहिल्याच्या घरी किंवा दुसऱ्याच्या तुरुंगात.

त्याने वळणदार अक्षरांत अर्ज लिहिला. पुढच्या मंगळवारी नोंदणी अधिकारी घरी आल्या. तरुण मुलगी, बोलण्यात अदबशीर. उतारावरून चालत आली आणि “छान केला आहे हो हा,” म्हणाली. ओट्यावर यंत्र मांडून अंगठा घेतला, छायाचित्र घेतले, सही झाली. वहिनींनी तिची ओटी भरली. सर्व काही कायदेशीर आणि सुखरूप पार पडले. ती गेल्यावर आमचे कुटुंब म्हणाले, “काम झाले खरे. पण मी ती इरकली नेसून कचेरीत जाणार होते. दोन वर्षांत कोणत्या कचेरीत गेले नाही.”

आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. हल्लीचे मुख्याध्यापक आमचेच विद्यार्थी. उठून उभे राहिले. दहावीचा वर्ग अद्याप वरच आहे. एक वर्ग तरी कायमचा खालीच ठेवावा, ज्या इयत्तेस लागेल त्या इयत्तेस तो द्यावा, आणि मुतारी इमारतीला लागून असावी, एवढे आम्ही बोललो. त्यांनी आदराने ऐकून घेतले, हजेरीपत्रके मागविली, पाने उलटली आणि म्हणाले, “पण सर, आता आपल्याकडे तसा एकही विद्यार्थी नाही.” हजेरीपत्रकात नव्हता हे खरेच. त्याच वाटेवरच्या वस्तीत एक मुलगी ओसरीवर बसून इतर मुलांची दप्तरे राखताना आम्हांस येताना दिसली होती. तिचे वय आम्ही मुख्याध्यापकांना सांगितले. जूनमध्ये पाहू, असे ते म्हणाले. जिना उतरताना आम्ही मोजला. चोवीस पायऱ्या, अठराव्या पायरीवर आमचा उजवा गुडघा बोलला.

कचेरीच्या तळमजल्यावरची खोली रिकामी करून एक खिडकी तेथे चालवावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर बेचाळीस सह्या आहेत. पहिली आमच्या कुटुंबाची, दुसरी दस्तलेखकाची, आणि तिसरी गटारवाल्या शेजाऱ्याची. दप्तरे हलविण्यास वरिष्ठांचा हुकूम लागतो, आणि हुकूम आला की गाठोडी वर जातील, असे शिपाई सांगतो. गाठोडी मात्र कोणीतरी उचलूनच न्यावी लागतील. त्याला आमची हरकत नाही.

हल्ली दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी रिक्षा सांगून आमचे कुटुंब त्या खोलीत जाऊन बसते. आम्ही बाहेर बाकावर असतो. आत त्या दोघांचे गावातील पायऱ्यांचे टाचण चालू आहे : दुकानवार, इंचांसह, अक्षर त्याचे, माहिती दोघांची. गेल्या गुरुवारी औषधांच्या दुकानाचा मालक स्वतः येऊन आपल्या पाच पायऱ्यांना उतार किती फुटांचा लागेल म्हणून विचारून गेला. आम्ही फूटपट्टी घेऊन उठलो, तर आतून आवाज आला, “अहो, मोजून झाले आहे. पस्तीस इंच. एका उतारात बसणार नाही, दोन वळणे घ्यावी लागतील. त्यांना म्हणावे, पावसाच्या आत करा.”